हजेरीतला नऊ नंबर

सोमवारी सकाळी मदर सुपीरियरना तापातच मुंबईला हलवलं आणि शाळेच्या चाव्यांचा जुडगा एमिलियाच्या हातात आला. रेवदंड्यातल्या सिस्टरांच्या त्या मुलींच्या हायस्कुलात बी. ए. झालेली ती एकटीच, शिवाय राहायलाही कुंपणाच्या आतच. तेव्हा मदर परत येईपर्यंत शाळा तिनेच चालवायची, हे कुणी न सांगताच ठरलं.

शुक्रवारी इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. इंग्रजी सहावीच्या वर्गाला मान्यता मिळाली तरच पुढच्या जूनमध्ये मॅट्रिकचा वर्ग निघणार होता. फुटकी कौलं बदलायची होती, नकाशे झटकायचे होते, शिवणकामाचे नमुने मांडायचे होते. बुधाजी शिपायाला दहा वेळा हाक मारायची आणि अकराव्यांदा ते काम स्वतःच करायचं. मधूनच खिडकीशी जाऊन घराच्या ओट्यावर नजर टाकायची. तिथे तिची अडीच वर्षांची तेरेझा शिंपल्यांशी खेळत बसलेली असे. पोर अजून एक शब्द बोलली नव्हती. नवरा मुंबईला कंपाउंडर, महिन्यातून एकदा येई आणि दर खेपेला तेच विचारी.

"बोलंल वो बाई," तिला सांभाळणारी केसर म्हणे. "काही पोरं उशिरा बोलत्यात. बोलायला लागली की तुमीच म्हनाल, गप बस."

सोमवारी दुपारी बाराच्या प्रार्थनेची घंटा झाल्यावर एमिलियाने सहावीचा हजेरीपट उघडला. पटावर चौदा नावं होती. नववं नलूचं.

नलू खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून होडीने येई. हुशार मुलगी, पण हजेरीला 'हजर' म्हणायची सवय तिला काही लागली नाही. "हाय, बाई," म्हणायची. एमिलिया रोज रागवे, "हजर म्हणायचं." मग नलू वेणी खांद्यावरून पुढे ओढून तिचं टोक बोटाला गुंडाळत बसे. फाटक घंटेला बंद व्हायचं, हा नियम एमिलियानेच घातला होता. तीन आठवड्यांपूर्वी उशीर होईल म्हणून नलूने मोठ्या होडीची वाट पाहिली नाही. एका लहानशा होडक्यात बसली. ते खाडीच्या मुखाशी उलटलं.

सिस्टरांची जुनी रीत अशी, की शाळेतली मुलगी गेली तर चर्चमधल्या तिसाव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत तिचं नाव पटावरून काढायचं नाही. तिचा नंबर आला की शेजारची उठून म्हणे, "देवाजवळ." नलू हिंदूंची. पण तिची आई नीराबाई रिकामी टोपली घेऊन फाटकाशी आली होती, तेव्हा तिनेही तेच मागितलं.

"तीस दिस तवरी नाव ठेवा, बाई. तिला काय ठावं, शाला सुटली म्हनून?"

एमिलियाने हो म्हटलं होतं. पण मेलेल्या मुलीचं नाव पटावर दिसलं तर साहेब खोटा पट म्हणतील. एका शाळेची मान्यता तेवढ्यावरून गेल्याचं तिने ऐकलं होतं. तिने नवा पट आखला. त्यात तेराच नावं लिहिली. दहा नंबरची अख्तरुन्निसा नऊ नंबरवर आली.

मंगळवारी तिने हजेरी घेतली.

"नऊ."

"हाय, बाई."

खिडकीजवळच्या, नलूच्या बाकावरून आवाज आला. अख्तरुन्निसा उभी राहिली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, मी नाही बोलले."

"बस खाली," एमिलिया म्हणाली. घाबरायला हवं, एवढं तिला कळत होतं. भीती काही आली नाही. तिने पटावर हजेरीची खूण केली आणि दहा नंबर पुकारला.

बुधवारी अख्तरुन्निसाच्या वडिलांची, जलीलमियांची चिठ्ठी आली. मुलीला ताप भरला होता, आठवडाभर येणार नव्हती. एमिलियाने चिठ्ठी वाचली, घडी करून पटात ठेवली आणि हजेरी सुरू केली. नऊ नंबर तिने सवयीनेच पुकारला.

"हाय, बाई."

मुलींनी माना वर केल्या नाहीत. एमिलियाने पुन्हा खूण केली. हात आपलाच आहे, हे तिला बघून ठरवावं लागलं. गुरुवारीही तसंच झालं. मधल्या सुट्टीत कौलं आली आणि ती मोजून घेण्यात तिचा दिवस गेला.

शुक्रवारी साहेब वर्गात आले. शिवण पाहिलं, नकाशे पाहिले, मग खुर्चीत बसून म्हणाले, "घ्या हजेरी."

नऊ नंबर आला. आवाजही आला.

साहेब हसले. "कोळ्यांची दिसते. बोली सुधारा जरा हिची." मग पेन्सिल रोखून त्यांनी स्वतः मुली मोजल्या. खिडकीजवळच्या बाकावर पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुढे गेली. "पटावर तेरा, वर्गात तेरा. बरोबर ना, बाई?"

अख्तरुन्निसा घरी तापाने पडली होती. वर्गात एमिलियाला बाराच मुली दिसत होत्या. खिडकीजवळच्या बाकावर ऊन होतं आणि काहीच नव्हतं.

"हो, साहेब," ती म्हणाली.

मान्यता मिळाली.

संध्याकाळी तिने जुना पट पुन्हा काढला. शनिवारी सकाळी त्यातूनच हजेरी घेतली.

"नऊ. नलू."

खिडकीजवळून आवाज आला नाही. एमिलिया थांबली. मग शेजारची उठली आणि हळूच म्हणाली, "देवाजवळ."

आठवड्यात पहिल्यांदाच एमिलियाने पूर्ण श्वास घेतला. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली. कुलपं लावून ती घरी आली, तर केसर ओट्यावरून धावतच सामोरी.

"बाई, पोर बोलली! सकाळच्या घंटेपास्नं बोलतीय. हाक तर मारून बघा!"

तेरेझा शिंपले मांडून पाठमोरी बसली होती.

"तेरेझा?"

पोर वळली नाही.

"तेरेझा, बाळा."

"आसं नाय वो," केसर हसत म्हणाली. "साळंत म्हनता तसं आकडं म्हना. मी मगा शिंपलं मोजत व्हते, तवा बोलली."

एमिलियाला म्हणायचं नव्हतं.

"नऊ," ती म्हणाली.

तेरेझा उठून उभी राहिली. हात जुळवून, ताठ.

"हाय, बाई."

केसरने टाळ्या वाजवल्या.

"हजर म्हणायचं," एमिलियाच्या तोंडून निघून गेलं. रोजची सवय.

पोरीने मान खाली घातली. तिचे केस जेमतेम कानापर्यंत होते. तिचा हात खांद्यापाशी गेला, तिथून काहीतरी पुढे ओढलं, आणि नसलेलं ते टोक ती बोटाला सावकाश गुंडाळत राहिली.