माणिकरावांची थ्री फेज पेटी

हे घडलं आहे. मी स्वतः तिथं होतो.

तरीही लिहिताना हात अडखळतो. माझी नजर अधू. सगळा जन्म परभणीच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. मला चुकीचं दिसलं असेल, असं मीच स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं.

पटलं नाही.

याच माघातली ती संध्याकाळ. जिंतूर तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण माझी धाकटी बहीण रुख्मिणी आजही तिथंच राहते.

तिचे यजमान माणिकराव यांनी घर वाढवायला काढलं होतं. मुलगा, सून आणि लहानगा नातू परभणीहून कायमचे राहायला येणार होते. वर नव्या खोल्या, एसी, गिझर. जुन्या मीटरवर एवढं चालेना, म्हणून लोड वाढवून थ्री फेज घेतलं. भिंतीत नवी पेटी बसली. खांबावरून वायर ओढायची तेवढी राहिली होती.

मी तिच्याकडे मुक्कामाला असतानाच जिंतूरहून गोपाळ वायरमन आला.

आमच्या भागात खांबावर चढण्याआधी डीपीचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढून खिशात घालतात आणि एक माणूस डीपीपाशी उभा करतात. नाहीतर कोणाची तरी विहिरीवरची मोटार बंद पडते, आणि तो येऊन फ्यूजच्या जागी सरळ तार टाकून जातो.

"मी थांबतो डीपीला," माणिकराव म्हणाले.

गोपाळनं मान वर केली नाही.

"तुमी नका, मालक. ह्या काकांना राहू द्या," तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"का रं? मी काय खातो का तुला?"

"सिद्धोधन बी तुमाला डीपीवर ठेवूनच चढला होता."

माणिकराव हसले. "पिऊन चढला होता त्यो. साऱ्या गावाला म्हाईत हाय."

सिद्धोधन याच गावचा वायरमन. काही वर्षांपूर्वी याच खांबावर त्याचा जीव गेला. तो वर असताना लाईट आली. लोक धावत आले तेव्हा डीपीचे फ्यूज जागच्या जागी होते. दारूच्या नशेत काढायलाच विसरला, असं माणिकरावांनी चावडीवर सांगितलं. त्याची आई पंचफुला ओरडत राहिली, माझं लेकरू थेंबाला शिवत नव्हतं.

कोणी ऐकलं नाही.

मी डीपीपाशी उभा राहिलो. डीपी घुमत होती...

मग ते घुमणं थांबलं.

पाखरंही गप्प झाली.

आणि माझ्या अगदी मागे कोणीतरी श्वास टाकला...

वळून पाहिलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेलं मोकळं रान. कोणी नाही.

काम मात्र नीट झालं. दिवेलागणीला गोपाळनं पेटीतले खटके वर केले आणि घर लख्ख उजळलं. रुख्मिणीनं हात जोडले.

माणिकराव बैठकीत आले...

टक्.

बैठकीतला दिवा गेला. बाकी घर तसंच उजळलेलं.

ते स्वयंपाकघरात गेले. बैठकीत दिवा परत आला. स्वयंपाकघरात...

टक्.

ते जिना चढले. वर अंधार, खाली उजेड.

"गोप्या, कसलं वायरिंग केलंस बे?"

"वायरिंगला काय न्हाई झालं, मालक." गोपाळ एक पाऊल मागे सरला. "अंधार तुमच्यासंगं फिरायलाय."

तो पळतच डीपीवर गेला. फ्यूज काढले. घर अंधारलं, गल्ली अंधारली. बॅटरी घेऊन तो दारात आला, तेवढ्यात माणिकरावांनी चिडून पेटीला हात घातला.

हात तिथंच राहिला.

"गोपाळ, लाईट बंद कर!" मी ओरडलो.

"कुठून करू, काका?"

त्यानं मूठ उघडली. सगळे फ्यूज त्याच्या हातात होते.

त्यानं सुक्या लाकडानं हात सोडवायला पाहिलं. सुटेना. माणिकरावांचे दात वाजत होते. डोळे पेटीवर खिळलेले. मग ते बोलू लागले. कोणीतरी विचारावं आणि उत्तर द्यावं, तसे...

"व्हय... मीच. मोटार चालू करायची व्हती. तार टाकली. त्यो उतरला का न्हाई, बघितलंच न्हाई... त्याच्या खिशातले फ्यूज मीच काढून परत बसवले. पिलेला नव्हता त्यो..."

हात सुटला.

सकाळी रुख्मिणीनं त्यांना पंचफुलाच्या दारात नेलं. मीही गेलो. ती सुपात तूर पाखडत होती. बाहेर स्वच्छ ऊन. माणिकरावांच्या हाताला पट्टी.

ते म्हणाले, "तुझ्या पोराचं वाईट झालं, बाई. पण पिऊन चढू नये माणसानं."

रुख्मिणीनं पदरानं तोंड झाकलं.

पंचफुलानं सूप ठेवलं. "मला कशाला सांगता? त्यालाच सांगा. त्यो ऐकायलाय."

त्या संध्याकाळी माणिकराव बैठकीत बसले. दिवा राहिला.

"बघा पाहुणे, फॉल्ट होता निस्ता. शॉकमधी माणूस काय बी बोलतो."

मी परभणीला परतलो.

रविवारी मुलगा, सून, नातू गावी पोचले. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीचा फोन आला.

"दादा, यांच्यापाशी अजून लाईट राहायलाय."

"बरं झालं की."

ती हुंदके द्यायला लागली.

"काय झालं, रुख्मे?"

"हे सकाळपासून चावडीवर हायत. मीच तार टाकली, मीच टाकली म्हणून ओरडायलेत. पंचफुलाच्या पाया पडले. साऱ्या गावानं ऐकलं, दादा."

"मग आता काय?"

फोनमधून लेकराच्या पळण्याचा आवाज आला. हसत, दुडूदुडू...

टक्.

"दादा," ती कुजबुजली, "लेकरू आतल्या खोलीत गेलं."

काल मुलगा-सून त्याला घेऊन परभणीला परतले. भाड्याचं घर, जुनाच मीटर, वेगळी लाईन. इथं काही होणार नाही, असं मीच त्यांना फोनवर सांगितलं. आज संध्याकाळी येतो म्हणालो.

दिवेलागण झाली. त्यांची गल्ली माझ्या खिडकीतून दिसते.

सगळ्या घरांत दिवे लागले आहेत...

एक सोडून.