वय विचारल्यावर

मावशीचा कुत्रा टेबलावर मावत नव्हता आणि दवाखान्याचा संगणक त्याचं वय दोन महिने दाखवत होता.

"हा प्रोग्राम ज्याने लिहिला ना, त्यालाच एक इंजेक्शन द्यायचंय," जनावरांची डॉक्टर म्हणाली.

मावशीच्या वतीने कुत्र्याचा पट्टा धरून उभा असलेला तरुण खाकरला. "मीच लिहिलाय…"

तिने त्याच्याकडे पाहिलं — मग हातातल्या सुईकडे. तो एक पाऊल मागे सरकला. तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन हजर.

"प्रत्येक जनावर म्हणजे आमच्या भाषेत एक ऑब्जेक्ट," तो समजावू लागला. "नाव, जात, जन्मतारीख हे त्याचे गुणधर्म. मी वयही नोंदवून ठेवलं, तिथेच चुकलो. नोंदवलेलं वय वाढत नाही. ते साठवायचंच नाही. कुणी विचारलं की त्या क्षणी जन्मतारखेवरून काढायचं."

"म्हणजे विचारेपर्यंत वय नाहीच?"

"नाही. पण विचाराल तेव्हा ताजं मिळेल. तुमचंही काढता येईल… जन्मतारीख सांगितलीत तर."

"भलतेच हुशार आहात," ती म्हणाली. जन्मतारीख मात्र सांगितली.

वयानंतर वजनावरून औषधाची मात्रा, मग पुढच्या लसीची तारीख. सगळं विचारताक्षणी निघू लागलं, आणि काम संपलं. येत्या सोमवारपासून त्याला दुसऱ्या ग्राहकाकडे जायचं होतं. इथे यायला आता निमित्त नव्हतं. मावशीचा कुत्राही ठणठणीत होता.

शनिवारी तिचा फोन आला — म्हाताऱ्या बोक्याचं वय चुकतंय. तो धावत आला, तपासलं.

"बरोबर आहे हे."

"माहीत आहे. बोटांवर मोजलं मी."

"मग…?"

"तुमच्या ऑफिसात फोन केला होता. ही कामं तिथे बसून होतात म्हणे. मग इथे खेटे कशाला घातलेत?"

त्याने बोक्याकडे पाहिलं. बोका काही मदत करणार नव्हता.

"तुम्हाला बघायला," तो म्हणाला. "आवडता तुम्ही मला. सोमवारपासून काय करायचं, कळत नाहीये. संध्याकाळी भेटाल कुठे?"

"संध्याकाळी मला वेळ नसतो. गर्दी असते इथे."

त्याचा चेहरा पडला.

"म्हणून मांजरं धरायला माणूस लागतो," ती म्हणाली आणि जाड हातमोजे पुढे केले.

त्याने ते घाईघाईने चढवले. डावा उजव्या हातात. तिने ते काढले, नीट घातले — आणि त्याची बोटं सोडायला जरा उशीरच केला.