कबुतरांची मान आणि डोलणारी इमारत

पाळण्याची दोरी कोणी ओढली नव्हती. खिडक्या बंद होत्या, पंखाही बंद होता. तरी बाळाचा पाळणा आपला संथपणे पुढे-मागे हलत होता.

ऋता आधी हसली. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. आईने बाळाला उचलून छातीशी धरलं. "पुरे झालं. या घरात आता राहायचं नाही. जमिनीवरच्या घरात जायचं."

जमिनीवरची घरं आता फक्त लांबच्या गावी उरली होती. म्हणजे शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार. तिने गुपचूप विनयाआत्याला फोन लावला.

आत्या पक्षी-यांत्रिकी (पक्ष्यांच्या हालचालींचं शास्त्र) शिकवायची. ती आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, परात घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि ती जमिनीवर ठेवली. पाणी एकदा या काठाला चढे, एकदा त्या.

"पाळणा आपोआप हलत नाहीये, केतकी," आत्या आईला म्हणाली. "आख्खी इमारत हलतेय."

"हे तुम्ही मला धीर द्यायला सांगताय का, ताई?" आई म्हणाली.

नाशिकजवळची ही उंच इमारत बांबूच्या धाग्यांनी विणलेली होती. अशा हलक्या इमारती वाऱ्याने थोड्या डोलायच्याच. या डोलण्याला दोलन (एकाच ठेक्यात पुढे-मागे होणं) म्हणतात. पण इतकं?

"अलीकडे काय बदललंत?" आत्याने विचारलं.

"गॅलऱ्यांना जाळ्या लावल्या. सगळ्यांनीच. कबुतरांची घाण, पिसं... बाळाला खोकला आहे हो. मी काय करायला हवं होतं?"

"म्हणजे कामगारच हाकलले की तुम्ही!"

ऋताला काही कळेना. आत्याने तिला पाळण्याशी उभं केलं. "पाळणा तुझ्याकडे येतोय. आता त्याला उलटा, हलकासा धक्का दे. पुन्हा आला, पुन्हा दे."

तीन-चार धक्क्यांत पाळणा थांबला.

"याला अवमंदन (डोलणं हळूहळू जिरवणं) म्हणतात. कबुतराला पायांतून इमारतीचा डोल कळतो. इमारत इकडे झुकली की ते मान तिकडे टाकतं. एकाची मान एवढीशी, पण शेकडो कबुतरं दिवसभर तेच करतात. म्हणून तर ती आपल्या गॅलरीचा पिच्छा सोडत नाहीत."

"मला वाटायचं, ती मान हलवून हो-हो म्हणतात," ऋता म्हणाली.

"छे! उलट इमारतीला नाही-नाही म्हणतात."

आईने बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "जाळी मात्र मी काढणार नाही."

"नको काढूस. गच्ची आहे ना?"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर, खिडक्यांपासून दूर, लांबलचक फळ्या लावल्या. कबुतरं यावीत म्हणून आईने तोंडाला रुमाल बांधून एका कडेला ज्वारी पसरली. अगदी हात सैल सोडून. थवेच्या थवे उतरले. आणि सोबत वर आणलेल्या परातीतलं पाणी थेट गच्चीच्या फरशीवर सांडलं!

"हे तर वाढलं!" आई ओरडली. "ऋता, चपला घाल. निघायचं आत्ताच्या आत्ता!"

ऋता मात्र कबुतरांकडे बघत राहिली. सगळी एका रांगेत, एकाच बाजूला तोंड करून टिपत होती. सगळ्यांच्या माना एकदम खाली, एकदम वर.

"आई, थांब! ती डोलाकडे बघतच नाहीयेत, दाण्यांकडे बघतायत. सगळ्यांचा धक्का एकदमच बसतोय, तोही इमारत झुकते त्याच बाजूला!"

"हाच अनुनाद (डोलाच्याच ठेक्यात धक्के बसून डोल वाढत जाणं)," आत्या म्हणाली. "आण झाडू."

तिघींनी ज्वारीचा दाणा न् दाणा झाडून काढला. कबुतरं रुसल्यासारखी फळ्यांवर पांगली. एक इकडे निघालं, दुसरं तिकडे. दाणे नसल्याने त्यांचं लक्ष पुन्हा डोलाकडे गेलं; इमारत इकडे झुकली की माना तिकडे. पोट त्यांनी शेतात भरावं, इथे यावं ते कामापुरतं, असा नियम आत्याने करून टाकला.

संध्याकाळी परातीतलं पाणी स्थिर होतं. आईने वाकून ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "बरं. राहू या. पण गच्चीवरून आलं की साबणाने हात धुवायचे."

ऋताने आईला मिठीच मारली. तेवढ्यात तिला नवीनच शंका आली. "आत्या, आणि भूकंप झाला तर?"

"त्याला कबुतरं पुरायची नाहीत. पावसाच्या आधी मोर नाचतात ना, तो त्यांचा भूकंप थोपवण्याचा सराव असतो. आमच्याकडे काम चालू आहे."

"आत्ताच सांगून ठेवते," आई म्हणाली, "मोर घरात येणार नाही."