चपला हातात घ्या

आईचा आवाज मला आठवतो तो खालून येणारा. लहान मुलीला आईचा आवाज वरून ऐकू यायला हवा. माझ्या आठवणीत मात्र तो पायांखालून येतो. आजूबाजूला काळोख, आवाज दमलेला, तरी सुरात:

"डावं पानी, उजवं पानी,
मधून चाले माजी रानी..."

पुढची ओळ आठवत नाही. मी सहा वर्षांची होते. त्यानंतर आई दिसली नाही. "रंभा गेली कुनाबरोबर तरी. विषय संपला," एवढंच बा सांगायचा. मला टाकून गेली म्हणून मी तिचं नाव टाकलं.

आता नायगावला आमच्या खाडीकाठच्या खाराच्या शेतात टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकात तिसऱ्या मजल्यावर मी कपाटात बसून काम करते. खरंच कपाटात. साड्या-गोधड्यांमध्ये आवाज घुमत नाही. सहल कंपन्यांसाठी मी मराठी ऑडिओ गाइड करते. पर्यटक कानात इअरफोन घालून परदेशातली गावं हिंडतात आणि मी त्यांना डावं-उजवं सांगते.

या वेळचं गाव होतं रोक्कालूना. इटलीतलं, रोमच्याही आधी एट्रुस्कन लोकांनी डोंगरमाथ्यावर वसवलेलं. मऊ पिवळ्या दगडात कोरलेली दारूची तळघरं, सिंहमुखी कारंजं, रंगीत खड्यांची जमीन असलेलं चर्च, आणि भोवती चुन्याविना रचलेली तटबंदी. मी कधी तिथं गेले नाही, पण वाचता वाचता तिथल्या चढणीच्या पायऱ्यांनी मला कपाटात बसल्या बसल्या धाप लागली.

पहिली तुकडी तिकडे पोचली आणि कंपनीच्या रचनाचा फोन आला.

"यार दिपिका, काय बोलून ठेवलंयस? तळघरं संपली की म्हणतेस, चपला हातात घ्या, पुढे चिखल आहे!"

"मी असलं काही बोललेली नाही."

"मग मी बोलले? हे ऐक." तिनं तुकडीतल्या रिचर्ड अंकलचा निरोप वाजवला. "पोरी, आम्ही डोंगरावर उभे. वाऱ्यानं टोपी उडाली माझी. आणि तू सांगतेस भरती चढतेय, पाय उचला! भरती काय लिफ्टनं येणार?"

मागे सगळे खिदळत होते.

मी फाइल उघडली. आवाज माझाच होता. अगदी शांतपणे मी लोकांना चपला हातात घ्यायला सांगत होते.

चडफडत सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, नीट ऐकलं, पाठवलं. पुढच्या तुकडीला मी कारंज्यापाशी सांगितलं, 'देवीच्या देवळाशी उजवीकडे वळा.' मग रचनालाच फोनवर ओळ न् ओळ ऐकवली. ती ठीक म्हणाली. आणि संध्याकाळी तिचाच निरोप: "आता तटबंदीपाशी गाणं म्हणतेस. तुला हे काम करायचंय की नाही, एकदा सांगून टाक."

कुठलं गाणं, हे मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी मी वैतागून ती फाइल कानात लावली आणि बिल्डिंगच्या गेटातून निघाले. हा सगळा मूर्खपणा आहे, एवढंच मला स्वतःला दाखवून द्यायचं होतं.

"चौक ओलांडा." गेटासमोर चौक होता.

"पुढे उतार लागेल." कचराकुंडीकडचा रस्ता उतरत गेला.

देवीच्या देवळाशी मी उजवीकडे वळले. पारावर बा बसला होता.

"कुठं निंगालीस गो, ऊन डोक्यावर घेऊन?"

"इटलीला. येतोस?"

मी एक इअरफोन त्याच्या कानात घातला. तो हसला. "तिकरं पन तुजीच कटकट!" आणि माझ्याबरोबर चालू लागला.

मग ते वाक्य आलं.

बानं चपला काढून हातात घेतल्या. तापलेल्या डांबरावर.

वाट मी ऐकत होते, पण पुढे तो होता.

सोसायटीच्या मागच्या कुंपणभिंतीशी आम्ही थांबलो. या भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत ओलीचा डाग आहे. दरवर्षी वॉटरप्रूफिंग होतं, दरवर्षी मीटिंगमध्ये भांडणं होतात, आणि डाग पुन्हा उमटतो.

"ही तटबंदी. हात लावून पाहा," कानातून मीच सांगितलं.

मी हात लावला. भर उन्हात भिंत गार होती.

कानात गाणं सुरू झालं. आता आवाज माझा नव्हता.

दोन ओळी. मग नुसतं पाणी सरकल्यासारखं काहीतरी.

"बा, पुढची ओळ काय?"

त्यानं इअरफोन काढला नाही.

"हितं बांध होता," तो म्हणाला. "उधानाला फुटला. सगल्या गावाचं भात जानार होतं. रंभा पयली उतरली. भगदाडात उभी राह्यली, पाठीनं पेंढा दाबून. आमी वरून चिखल टाकीत होतो. पाय रुतले तिचे. थांबू नका, म्हनली."

"आणि मी?"

"तू बांधावर. घरी कोन होतं तुला बघायला? काळोखात रडत होतीस, म्हनून ती गात होती." त्यानं डागावरून तळवा फिरवला. "कुनाबरोबर गेली नाय ती. सगल्यांनी ठरवलं, पोरीला सांगायचं नाय."

"पुढची ओळ, बा."

"नव्हती गो," बा म्हणाला. "चिखल तोंडाशी आला."