शेजारीच बसली आहे

नवरा मला बसस्टॉपवर सापडला.

ग्रीसमधल्या पिरेअस बंदराजवळचा बसस्टॉप, नोव्हेंबरचा आडवातिडवा पाऊस, आणि आडोसा म्हणून एका पेपर-सिगारेटवाल्या टपरीची पुढे आलेली ताडपत्री. तिच्याखाली एक उंच, फिकट केसांचा माणूस उभा होता. मी धावत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. तो एक पाऊल सरकला. वरून पाणी गळत होतं, म्हणून मीही एक पाऊल सरकले. तो पुन्हा सरकला. मी पुन्हा... असं करता करता ताडपत्री संपली आणि तो चक्क पावसात जाऊन उभा राहिला. सूट, टाय, बॅग, सगळं निथळतंय, आणि चेहऱ्यावर भाव असा की हे आधीच ठरलं होतं.

"अहो, मी काय चावते का?" मी विचारलं.

त्याने विचार केला. खरंच केला. "नाही."

"मग पावसात काय करताय?"

"तुम्हाला जागा देतोय."

मी हसले, त्याला बाहीला धरून आत ओढलं आणि बोलायला लागले. पावसावर बोलले, बसवर बोलले, माझ्या साहेबांच्या टकलावर बोलले. माझी बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. शेवटी मीच ओशाळून म्हटलं, "चला... निघते मी. तुम्हाला पकवलं."

तो खाली बघत म्हणाला, "मी अजून ऐकतोय."

बस्स. या तीन शब्दांवर मी लग्न केलं.

यार्को जहाजांच्या इंजिनांचा इंजिनियर. फिनलंडमधल्या तुर्कू गावचा. कंपनीने त्याला आमच्याकडे ग्रीसमध्ये पाठवलं होतं, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी परत बोलावून घेतलं. मी तेव्हा एका जहाज कंपनीचा वित्त विभाग सांभाळत होते. कोणतं जहाज कमावतंय आणि कोणतं नुसतंच पोहतंय, हे आकडे बघून सांगणं माझं काम. राजीनामा देताना वाटलं, नवऱ्याच्या देशात काय, आकडे तेच, दोन अधिक दोन तिथेही चारच. मिळेल की नोकरी.

पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुमच्या जमेच्या बाजू?" मी सांगायला लागले. समोरचे तिघं आधी माझ्याकडे बघत होते, मग टेबलाकडे, मग बुटांकडे. एकाने मला पाणी दिलं, जसं आजारी माणसाला देतात.

"किती बोललीस?" घरी यार्कोने विचारलं.

"विचारलं तेवढंच!"

"पुढच्या वेळी अर्धं बोल."

दुसऱ्या ठिकाणी अर्धं बोलले. तेही त्यांना उरलं. तिसऱ्या ठिकाणी मी जिभेला दातांखाली धरलं आणि त्यांच्यासारखीच गप्प बसले. तेही गप्प. आम्ही सगळे मिळून खिडकीबाहेरचं झाड बघितलं. नंतर फोन आला: "तुमच्याशी फार छान गप्पा झाल्या. पण तुमचं काम पाहिलेलं इथलं कोणी आहे का? आम्हाला त्यांच्याशी बोलायचं असतं."

इथलं कोणी! पाण्यात उतरल्याशिवाय पोहण्याचा दाखला आणायचा, तसं हे. इथे मला ओळखणारी माणसं दोन. एक नवरा, दुसरी सासू. सासूबाई म्हणजे रित्वा, उत्साहाने म्हणाल्या, "माझं नाव दे ना! मी सांगेन, जेवण चांगलं करते, पण चौघांचं सांगितलं तर बारा जणांचं करते." वित्त विभागासाठी याहून घातक दाखला मला सुचला नसता.

त्यातच आमच्या बिल्डिंगचं पाण्याच्या पाइपांचं प्रकरण निघालं. या देशात लोक घटस्फोटाला घाबरत नाहीत तेवढे पाइप बदलायला घाबरतात. यार्को सोसायटीचा अध्यक्ष. म्हणजे झालं असं, मागच्या सभेत 'अध्यक्ष कोण होणार?' असं विचारल्यावर सगळेच गप्प बसले, पण यार्को सगळ्यांत छान गप्प बसला, म्हणून त्याला केलं. ठेकेदाराचा खर्चाचा अंदाज त्याने माझ्यापुढे ठेवला. "बघतेस? घरीच आहेस..."

बघितलं. आमच्या लिफ्टमध्ये दोन बेसिनं होती. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत चार कमोड होते. त्या गृहस्थाने कुठल्यातरी हॉटेलचा अंदाज वरचं नाव बदलून आमच्या गळ्यात मारला होता!

सभेत सगळे कॉफी पीत मान डोलवत होते. मला राहवेना. मी उभी राहिले, टेबलावर हात आपटला आणि ठेकेदाराला ओरडून विचारलं, "लिफ्टमध्ये कोण तोंड धुणार आहे? तुम्ही?"

अशी शांतता पसरली की तळमजल्यावरचं वॉशिंग मशीन ऐकू आलं. ठेकेदार लाल झाला, कागद गोळा करून निघून गेला. मंडळी आपापले कप घेऊन हळूच भिंतीकडे सरकली. आणि यार्को... जिना चढताना एक शब्द बोलला नाही. दारात त्याला किल्ली कुलपात घालता येईना.

मी काय ते समजले. याला माझी लाज वाटली.

तरीही चौथ्या मुलाखतीत, एका विमा कंपनीत, हान्नेले नावाच्या बाईंनी 'इथलं कोणी' विचारलं, तेव्हा मी सरळ लिहून दिलं: यार्को साल्मेला, अध्यक्ष, गृहनिर्माण सोसायटी. माझं आडनाव वेगळं आहे. खोटं काहीच नव्हतं. फक्त जरा अपुरं होतं. पण त्यांचा फोन काही आला नाही.

आला तो पिरेअसहून. माझे जुने साहेब. "स्मारो, पोरी, तुझी खुर्ची रिकामी आहे. सोमवारी येऊन बस, नाहीतर माझा भाचा बसतोय."

यार्को स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होता.

"पिरेअसला बोलावतायत," मी म्हटलं.

"अच्छा."

"कायमचं, यार्को."

लोणी पावाच्या चारही कडांपर्यंत नीट पसरून झालं. मग तो म्हणाला, "तिकडे तू खूश होतीस."

"एवढंच?"

"विमानतळावर मी सोडतो."

रडावं की तो पाव त्याला फेकून मारावा, मला कळेना. मी आत जाऊन बॅग भरली. मुद्दाम आपटत आपटत भरली. 'थांब' असा एक शब्द बोलला असता तर मी ती तिथेच उलटी केली असती. पण बाहेरून आवाज आला तो बशी विसळल्याचा.

आणि रविवारी आम्ही निघालो. तुर्कूहून हेलसिंकीचा विमानतळ, मधे जंगल, काचेवर पाऊस की बर्फ ते स्वतःलाही न ठरवता आलेलं काहीतरी. मी उजव्या खिडकीतून झाडं बघत होते, तो समोरचा रस्ता. वायपर तेवढे बोलत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गाडीत फोन थेट गाडीच्या स्पीकरवर लागतो, आणि तो बंद करायचं बटण कधीच तुटलंय. त्यामुळे रित्वाचं गुडघेपुराण मला पाठ आहे.

"यार्को साल्मेला? मी हान्नेले. विमा कंपनीतून. रविवारी त्रास देतेय, उद्या आम्हाला ठरवायचंय. स्मारो कारायान्नी यांच्याबद्दल विचारायचं होतं. बोलू शकता का?"

मी तोंड उघडलं — यार्कोने ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटाचा मला एवढा धक्का बसला की मी खरंच गप्प झाले.

"बोलू शकतो," यार्को म्हणाला.

"त्यांचं काम पाहिलंयत तुम्ही?"

"हो. पाइपांचं." आणि त्याने लिफ्टमधली बेसिनं, सॉनातले कमोड, सगळं सांगितलं. कोरड्या आवाजात, जणू हवामानाच्या बातम्या. "आम्ही सगळ्यांनी तो कागद वाचला होता. अठ्ठावीस घरांनी. कोणाला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि कोणी बोललं नाही. ती बोलली."

"कशी बोलली?"

"ओरडून."

मी डोळे मिटले. संपलं.

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

त्याने पुढचं वळण नीट घेतलं. "मला अभिमान वाटला," तो म्हणाला. "इतका, की घरी जाताना मला बोलता येईना. किल्ली कुलपात जाईना."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. रस्त्यावरची नजर मात्र हलली नाही.

"दोष?" हान्नेलेने विचारलं.

"बरेच."

बरेच?! मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. गाडी जरा डगमगली.

"मधेच बोलते," तो म्हणाला. "माणसांच्या फार जवळ उभी राहते. कागदाच्या कडेला मासे काढते. आणि समोरचा गप्प बसला, म्हणजे त्याला आपलं काही वाटत नाही, असं धरून चालते."

"हा शेवटचा... कामातला दोष आहे का?"

"नाही. घरातला."

"घरातला?"

"मी तिचा नवरा आहे."

मला वाटलं, फोन कट झाला.

"इथे तर सोसायटीचे अध्यक्ष असं लिहिलंय," हान्नेले अखेर म्हणाली.

"तोही आहे."

"मग तुमचं म्हणणं मला धरता येणार नाही, यार्को."

"बरोबर आहे. पाइपांचं तळमजल्यावरच्या पेन्तींना विचारा. ते काही तिचा नवरा नाहीत."

मी मफलरमध्ये तोंड खुपसलं. हसू की रडू, जे काय बाहेर येत होतं ते मला आवरेना.

"पेन्तींना विचारीन," हान्नेले म्हणाली. तिच्याही आवाजात आता काहीतरी हललं होतं. "पण एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते, तो तुम्हालाही. संधी मिळाली, तर या व्यक्तीला तुम्ही पुन्हा घ्याल का?"

वायपर इकडे गेले. तिकडे गेले. यार्कोने गाडीचा वेग कमी केला... अजून कमी केला... आणि रस्त्याकडेच्या एका बसस्टॉपच्या जागेत ती उभी केली.

"घेईन," तो म्हणाला. "रोज घेईन. पण ती येईल का, माहीत नाही. मी आत्ता तिला विमानतळावर सोडायला चाललोय."

"तुम्ही तिला थांब म्हणालात?"

"नाही."

"का बरं?"

"तिला जागा हवी असेल, म्हणून."

अरे देवा. ताडपत्री! हा माणूस अजून त्याच ताडपत्रीखाली उभा होता. मी एक पाऊल पुढे, तो एक पाऊल मागे, आणि मला वाटत राहिलं, हा माझ्यापासून लांब पळतोय. आणि हा वेडा आपला भिजतोय!

"बरं," हान्नेले म्हणाली. "आणखी काही सांगायचंय?"

"हो," यार्को म्हणाला. "ती शेजारीच बसली आहे."

याहून लांब शांतता मी या देशातही ऐकली नव्हती.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही विचारलं नाहीत."

"स्मारो?" स्पीकरने हाक मारली. "ऐकताय? खरं बोलतोय का हा?"

आता बोलायचं होतं. तुर्कूत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला सगळं बोलायला सांगत होतं. अनुभव, आकडे, जहाजं, सगळं जिभेवर होतं, आणि एक अक्षर फुटेना. मी नुसती मान हलवली. मूर्खासारखी. फोनवर!

हान्नेले थांबली. इथली माणसं थांबतात, हे मात्र कबूल करायला हवं. बराच वेळ थांबली, आणि माझं एक हुंदक्याएवढं नाक ओढणं तिला ऐकू गेलं असावं.

"कळलं," ती मऊ आवाजात म्हणाली. "पेन्ती 'हो' म्हणाले, तर पहिल्या तारखेला या. आणि आमच्याही सभेत कोणी बोलत नाही. तेव्हा आवाज घरी ठेवून येऊ नका."

फोन बंद झाला.

मी दार उघडून बाहेर पडले. मला हवा हवी होती. ओला बर्फ तिरपा मारत होता, म्हणून समोरच्या बसस्टॉपच्या छपराखाली जाऊन उभी राहिले. यार्को मागून आला आणि सवयीने दोन हात अंतरावर थांबला. अर्धा छपराखाली, अर्धा बाहेर.

"यार्को."

"हं."

"नोकरी मिळो, न मिळो. पेन्ती काहीही म्हणोत. तुला काय हवंय, ते मला विचार न करता सांग."

हे त्याच्यासाठी अवघड होतं. तोंडावर सगळं दिसत होतं. त्याने एकदा जंगलाकडे बघितलं, एकदा बुटांकडे.

"थांब," तो म्हणाला. "थांब ना, स्मारो."

आणि मग माझ्या नवऱ्याने ते केलं, जे त्याने आजवर कुठल्याही बसस्टॉपवर केलं नव्हतं. तो एक पाऊल माझ्याकडे सरकला. मग अजून एक. त्याचा ओला कोट माझ्या खांद्याला टेकला, मग त्याची थंडगार हनुवटी माझ्या केसांवर टेकली, आणि मी पिरेअसपासून तुर्कूपर्यंतचं जे जे साठलं होतं ते सगळं बोलायला लागले: त्या बशीचं, त्या लोण्याचं, त्याच्या लाल कानांचं...

"कंटाळलास?" मधेच विचारलं.

"मी अजून ऐकतोय."

छपराच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा बसची वाट बघत उभे होते. आमचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, टोपी नीट केली, आणि एक पाऊल बाजूला सरकले... बाहेर, बर्फात.

आम्हाला जागा द्यायला.