जहाज ज्याच्या हातात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. खोटं लिहून मला काय मिळणार? उलट यात माझीच अब्रू जाणार आहे.

घटना गेल्या महिन्यातली. रविवार, भरदुपार. विलेपार्ले पूर्व, शर्मिष्ठाचं घर, दुसरा मजला.

मी हर्षद. मी, शर्मिष्ठा, नंदकुमार आणि मुकुल, आम्ही चौघं एका अंतराळपटांच्या मालिकेचे वेडे. पहिला भाग शाळेत असताना पाहिला, आता आठवा आला. नवा भाग आला की शर्मिष्ठाकडे जमायचं आणि भांडायचं. सगळेच एकदम ओरडायचे, म्हणून आम्ही नियम केला. तिच्या शोकेसमधलं प्लास्टिकचं अंतराळजहाज ज्याच्या हातात, तोच बोलणार. तो ते खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं.

मुकुल जहाज घेतलं की आधी नखाने त्यावर वाजवायचा.

टक... टक... टक.

मग सुरू. तासभर थांबायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी, सातव्या भागानंतर, शर्मिष्ठा आणि नंदकुमार खायला आणायला खाली गेले असताना त्याने माझ्यापुढे एक मुद्दा मांडला. पहिल्या भागात मेलेला कप्तान मेलेलाच नाही. शत्रूच्या ताफ्याला हुकूम देणारा, कधीच न दिसणारा माणूस तोच आहे. मी खो खो हसलो. त्याचं बोलणं अर्ध्यावर असताना जहाज हातातून हिसकावलं.

"हर्षद, माझं संपलं नाहीये," तो म्हणाला.

"तुझं कधी संपतं रे?"

तो उठून गेला. पंधरा दिवसांत डेंग्यूने वारला.

आणि मी काय केलं? त्याचाच मुद्दा माझा म्हणून व्हिडिओत सांगितला आणि तो इंटरनेटवर टाकला. आठवा भाग आला आणि मुद्दा तंतोतंत खरा निघाला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. लाज वाटत होती, पण मजाही येत होती.

त्या रविवारी आम्ही तिघं जमलो. नंदकुमारने कौतुकाने जहाज माझ्या हातात दिलं. हे सुचलं कसं ते सांग म्हणाला.

मी तोंड उघडलं...

आवाज नाही.

ओठ हलत होते. घसा दुखत नव्हता. पण आवाज नाही. वरचा पंखा फिरत होता, त्याचीही घरघर ऐकू येईना.

आणि मग...

टक... टक... टक.

माझी बोटं हलली नव्हती.

नंदकुमारनेही ऐकलं. शर्मिष्ठाने जहाज माझ्या हातातून ओढून खाली ठेवलं, तेव्हा कुठे आवाज परत आला. मी रडत सगळं कबूल केलं.

"तुझा व्हिडिओ आला तेव्हाच त्याच्या आईने मला विचारलं होतं, हे आमच्या मुकुलचं ना," शर्मिष्ठा म्हणाली. "मी तुझी बाजू घेतली रे."

व्हिडिओ मी काढून टाकला. शर्मिष्ठाने जहाज बोरिवलीला मुकुलच्या आईकडे नेऊन दिलं. त्यांनी ते त्याच्या फोटोपुढे ठेवलं.

काल सकाळी त्यांचा तिला फोन आला. जहाज जागेवर नाही. घरात कोणी आलं नाही, गेलं नाही. मुकुलच्या रिकाम्या खोलीतून मात्र बारीक आवाज येतोय...

काल सकाळपासूनच माझा आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच दोष नाही. म्हणून हे लिहून सांगतोय. मुद्दा मुकुलचा होता, माझा नव्हता. हे लिहून झालं, तरी आवाज आलेला नाही.

नियम आमचाच. जहाज खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं.

आणि मुकुलला कधीच घाई नसायची.