वजनाला वाळू

"तुम्हीच ना त्या… हलक्या?"

मी बूट काढून आतला खडा झटकत होते. वर पाहिलं, तर विंचच्या खिडकीतून एक चेहरा डोकावत होता. गालाला ग्रीस लागलेलं आणि वर हसतोय!

"काय म्हणालात?"

"वजनाने हो, वजनाने!" त्याने घाईघाईने दोन्ही हात वर केले. "सर एकटे उडोत नाहीतर तुम्हाला घेऊन उडोत, माझ्या इंजिनला फरकच कळत नाही."

एरवी मी हसले असते. पण आज आमच्या ग्लायडिंग क्लबच्या मोठ्या सरांनी सगळ्या शिकाऊ मुलांसमोर मला वजनकाट्यावर उभं केलं होतं. आमचं ग्लायडर म्हणजे बिनइंजिनचं विमान. मैदानाच्या या टोकाचं विंच लांबलचक तारेने त्याला खेचतं, ते वर चढतं, मग तार सोडायची आणि वाऱ्यावर तरंगत राहायचं. एकट्याने उडायचं तर पुढच्या सीटवर ठरावीक वजन लागतंच, नाहीतर विमानाचं नाक वर जातं. माझं वजन पाठीवरच्या पॅराशूटसकट सहा किलो कमी भरलं. सर म्हणाले, "राहू दे गं. माझ्यासोबत फिरत जा, हौस भागेल."

हौस म्हणे! एकटीने उडाल्याशिवाय लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही तर मी जन्मभर सरांच्या पुढ्यातलं सामान. मुलांनी तर तिथल्या तिथे माझं नाव 'पाव किलो' ठेवून टाकलं. तणतणत मैदान ओलांडून मी इथवर आले होते.

हे सगळं मी त्या विंचवाल्याला का सांगितलं, कोण जाणे. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी बसतो की मागे. माझं वजन फुकट."

"मागे बसून नाक खाली येईल का? आणि मला एकटीने जायचंय. माणूस नको, वाळू हवी!"

"वाळू?"

काल कॉकपिट पुसताना पुढच्या सीटखाली मला दोन लोखंडी आकडे सापडले होते. गंजलेले, पण पक्के. वजनाची पिशवी अडकवायला विमान बांधणाऱ्यानेच ठेवलेले. कुणीतरी हलकं माणूस उडायला येईल, एवढं त्याला सुचलं होतं. आमच्या क्लबला मात्र कधी सुचलं नाही.

"मग वाळू माझ्याकडून," तो म्हणाला.

"तुम्हाला काय पडलंय?"

"एवढी वर्षं तार ओढतोय. तुम्ही एकट्या असताना ती कशी लागते… बघायचंय." एवढं बोलून तो एकदम नटबोल्टांत गुंतला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते काही ग्रीसमुळे नव्हे.

पिशवी आत्याने शिवली. तरुणपणी ती विमानांच्या कारखान्यात पंखांवर कापड शिवायची. अख्ख्या हॉलभर नुसत्या बायका.

"पंख आम्ही शिवले गं," दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "पण विमानात बस म्हणून कुणी म्हटलं नाही. एकदा नुसती आत डोकावले, तर मुकादम वसकन अंगावर आला." तिने शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "ही उसवली तर नाव बदलेन."

विंचवाल्याने वाळू चाळून पत्र्यावर उन्हात पसरली होती. "ओली भरली तर वाळल्यावर हलकी होते. आणि तुमचं वजन तर आधीच…"

"बोला, बोला."

"…छान आहे."

मी पटकन पिशवीत वाळू भरायला लागले. हसू लपवायला तेवढंच बरं.

दुसऱ्या दिवशी पॅराशूट चढवून, पिशवी कवटाळून मी स्वतःहूनच काट्यावर चढले. काटा हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला.

"हे वजन तुझं नाही," सर म्हणाले.

"पॅराशूट तरी कुठे माझं आहे, सर? ते धरलंत ना?"

सरांनी स्वतः वाकून पिशवी आकड्यांना अडकवली, हिसके देऊन पाहिले. पिशवी तसूभरही हलली नाही. ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "जा."

तार ताणली गेली. नेहमी मानेला बसणारा झटका आज बसलाच नाही… इतक्या हलक्या हाताने विंचवाल्याने मला उचललं. वर पोचून तार सोडली आणि मागे वळून पाहिलं. मागची सीट रिकामी! कुणी सूचना देणारं नव्हतं, कुणी खाकरणारं नव्हतं. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते सांगणार नाही, पण त्यात सगळ्या मुकादमांचा उद्धार होता.

उतरायचं होतं सरांसमोर. मी मात्र तारेपासून दूर, कडेच्या गवतावरून तरंगत तरंगत थेट विंचपाशी येऊन टेकले.

तो धावत आला. "लांब उतरलात! सर ओरडतील."

"ओरडू देत." सीटखालची पिशवी सोडवून मी पुढे केली. "ही धर."

"अहो-जाहो कुठे गेलं?"

"वरच राहिलं." मी टोपी काढली. केस घामाने चिकटले होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. "लायसन्स मिळालं की मागच्या सीटवर तुला बसवणार आहे."

"वजन म्हणून?"

"वजनाला वाळू आहे. तू मला आवडतोस म्हणून."

पिशवी त्याच्या हातातून सुटून त्याच्याच पायावर पडली. तो कळवळला, आणि हसतही होता.

"पण आधी आत्या," मी म्हणाले. "ती फार वर्षं थांबलीय."

"मी रांगेत आहे," तो म्हणाला… आणि माझा हात त्याने तसाच, ग्रीसच्या हाताने धरला. "तुला हवं तेवढं थांबव."

विंचमधला फोन खणखणायला लागला. सरच असणार. तो घाबरून आत वळला, पण त्याच्याआधी मीच रिसीव्हर उचलला. दुसरा हात मी सोडवून घेतला नाही.

"हो सर, लांब उतरले," मी म्हणाले. "चुकून नाही. मुद्दाम."